गवत्याच्या पेटीतली कडवण

मी वाळलेली झाडं कागदावर चिकटवते. काय करता, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, आणि समोरचा "अस्सं" म्हणून लगेच हवापाण्याच्या गोष्टींवर जातो. मला त्याचं काही वाटत नाही. वनस्पती संग्रहालयात अठरा वर्षं काढल्यावर माणूस एवढा निर्ढावतोच. पातळ डिंक, सुई-दोरा, टिपकागद, आणि गळून पडलेल्या बिया ठेवायला कागदाची पुडी, असा माझा संसार. डांबरगोळ्यांचा वास तर आता माझ्या केसांनाही येतो, असं नवरा म्हणतो. येऊ दे.

ही नोकरी मला ज्यांनी दिली, त्यांचाच मुलगा मी पुढे पदरात पाडून घेतला. म्हणजे ऑफिसात ज्या माझ्या साहेब होत्या, त्या घरी माझ्या सासूबाई झाल्या. मैत्रिणींनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. पण खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा माझं त्यांच्याशीच जास्त जमतं, म्हणजे आम्ही भांडतो जास्त. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मी संध्याकाळी घरात शिरले की चपला काढायच्या आत विचारतात, "आज किती शीट झाल्या?" मी आकडा सांगते. त्या म्हणतात, "एवढ्याच?" मग आम्ही चहा पितो.

त्यांचा सगळा कडकपणा लेबलाच्या बाबतीत. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात एक लेबल असतं. झाडाचं नाव, कुठे उगवलं होतं, किती उंचीवर, कुणी तोडलं, कधी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तारखेत बाराच्या जागी तेरा लिहिलं, तर त्यांनी मला अख्ख्या ऑफिससमोर उभं-आडवं झापलं होतं. लेबल चुकलं की शीट म्हणजे नुसता पाला, असं म्हणाल्या होत्या. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि परत येऊन त्या दिवशीच्या चाळीसच्या चाळीस तारखा पुन्हा तपासल्या.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी यादीवाले आमच्याकडे आले. आमच्या डोंगरावर जेवढी म्हणून झाडं-झुडपं-गवतं उगवतात त्यांची पक्की यादी ते अकरा वर्षं करतायत, म्हणून यादीवाले. गृहस्थ एकच, एके काळचे सासूबाईंचे विद्यार्थी. आता स्वतःचे केस पिकलेत, पण आमच्या घरी आले की अजून खुर्चीच्या टोकावर बसतात.

"बाई, यादी महिनाअखेर छपाईला जातेय," ते म्हणाले.

"वा. सुटलास एकदाचा."

"कडवणीचं काय करू?"

सासूबाईंचा चमचा कपातच थांबला.

कडवण म्हणजे वीतभर उंचीचं एक लवदार पानांचं रोप. आमच्या डोंगरावरची तिची नोंद एकच, सासूबाईंनी अडतीस वर्षांपूर्वी केलेली. लेबलावर लिहिलंय, 'खालच्या दगडांच्या राशीच्या पायथ्याशी, सांदीत उगवलेली.' त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही. यादीवाल्यांनी स्वतः त्या पायथ्याशी नऊ उन्हाळे गुडघे टेकलेत.

"मी 'आता आढळत नाही' असं लिहिणार होतो," ते म्हणाले. "पण यादी तपासणारे दोघं ऐकायला तयार नाहीत. एकच शीट, एकच माणूस, म्हणून 'नोंद संशयास्पद' लिहा म्हणतात. मी त्यांना सांगितलं, बाईंच्या लेबलावर संशय घ्यायचा असेल तर आपण सगळ्यांनीच घरी बसावं."

हे ते इतक्या विश्वासाने म्हणाले की मलाच भरून आलं. आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार आणि त्या दोघांचा उद्धार होणार, म्हणून मी सावरून बसले. पण त्या नुसता चहा ढवळत राहिल्या. यादीवाले गेल्यावर त्या बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"माझं एक नाव होतं गं," त्या म्हणाल्या. "तेवढंच होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते तपासणारे दोघं कोण कुठले, यांनी आयुष्यात किती शीट चिकटवल्या, सगळं काढलं मी. पण तोंड वाजवून कडवण उगवणार नव्हती. महिना संपायला बारा दिवस होते. तेवढ्यात कुणाला ती दिसली तर सासूबाईंचा शब्द राहणार होता, नाहीतर अडतीस वर्षांनी त्यांच्या नावापुढे 'संशयास्पद' छापून येणार होतं.

आणि मग गुरुवारी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने दारात गवताचं पोतं आणून आपटलं.

माझा नवरा डोंगरावरच्या रोपवेच्या वरच्या स्टेशनात यंत्र सांभाळतो. एरवी येताना पोत्याने काही आणणाऱ्यातला नाही. "तुमच्या त्या गवत्याचे प्रताप," तो म्हणाला. "जुन्या कप्पीची रिकामी पेटी पडलीय ना बाहेर, ती ठासून भरली लेकाने. उद्या तपासणी आहे. पेटी मोकळी लागते."

गवत्या आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. उंदराहून थोडा मोठा, गोल कानांचा, बिनशेपटीचा, नात्याने सशाचा. हिवाळ्यात बाकीचे प्राणी झोपतात, हा झोपत नाही. म्हणून उन्हाळाभर राबतो. झाडं कुरतडायची, दगडावर वाळत घालायची, दगडांखाली गंजी रचायची, आणि कुणी जवळ आलं की शिट्टी मारून पळायचं. मी शाळेत असताना आमची सहल खालच्या दगडांच्या राशीपाशी जायची, तेव्हा तिथे नुसत्या शिट्ट्याच शिट्ट्या असायच्या. पण गवत्याला उकाडा जरासुद्धा सोसत नाही. उन्हाळे तापत गेले तशी ही मंडळी गाशा गुंडाळून दर काही वर्षांनी थोडी वर, थोडी वर सरकत गेली. खालची रास आता दहा वर्षं गप्प आहे, आणि यंदा ते थेट रोपवेच्या वरच्या स्टेशनात येऊन पोचले होते.

"अरे गाढवा!" सासूबाई आतून ओरडल्या. "त्याचं हिवाळ्याचं धान्य उचलून आणलंस?"

"आई, गवत आहे ते."

"त्याचं धान्यच आहे ते! परत नेऊन ठेव. पेटीत नको तर शेजारच्या दगडाखाली ठेव. एवढं तुझ्या तपासणीवाल्यांना चालेल."

नवरा मूग गिळून आंघोळीला गेला. तो असाच वागतो, म्हणून घर चाललंय.

मला मात्र पोतं दिसल्यावर राहवेना. कामाचा दोष असतो एकेक. भाजीवाल्या बायका दुसऱ्याच्या पिशवीतली भेंडीसुद्धा निवडतात, तसं माझं. मागच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली आणि गवत उपसून जातवार लावायला लागले. एक ढीग लांब पात्यांचा, एक पिवळ्या फुलांचा, एक काटेऱ्यांचा. आणि मग हाताला काहीतरी लवदार लागलं.

डोळ्यांआधी बोटांनी ओळखलं. वीतभर दांडी, लव, टोकाला चुरगळून वाळलेलं फूल. तरी मी ओरडले नाही. सासूबाईंना दाखवायचं आणि मग ते दुसरंच काही निघायचं, हे पाप मला डोक्यावर नको होतं. मी काडी टिपकागदात ठेवली, वर दोन जाड पुस्तकं ठेवली, आणि जेवताना इतकी गप्प बसले की नवऱ्याने कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या कपाटातून सासूबाईंची जुनी शीट काढली. भिंगाखाली दोन्ही शेजारी शेजारी. पानाची लव तीच, शिरा त्याच, फुलाची ठेवण तीच. कडवण! मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. यादीवाल्यांना फोन करायला हात पर्समध्ये घातला, आणि सहज नजर जुन्या दांडीच्या खालच्या टोकाकडे गेली.

मी सासूबाईंनी गोळा केलेली हजारो झाडं हाताळली आहेत. एकही बिनमुळाचं नाही. मूळ मुळ्याएवढं जाड असलं तरी त्या ते उभं चिरून, धुऊन, दाबून लावायच्या. इथे मूळ नव्हतं. दांडी तिरकी तुटलेली होती, आणि तुटलेल्या जागी दोन बारीक खाचा होत्या. शेजारी माझ्या गवतातली दांडी. तसंच तिरकं टोक, तशाच दोन खाचा.

मी फोन परत पर्समध्ये टाकला आणि स्टुलावर बसून राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या. "आज किती शीट..." त्यांनी सुरुवात केली. मी टिपकागद उघडून त्यांच्या समोर ठेवला.

त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. "कुठे मिळाली?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला त्यांचा चेहरा बघवेना.

"पोत्यातल्या गवतात." मी एक मोठा श्वास घेतला. "आई, अडतीस वर्षांपूर्वीची पण गवतातलीच ना?"

त्यांनी टिपकागदाची घडी सारखी केली.

"तिला मूळ नाही. टोक कुरतडलेलं आहे. ते तुम्ही कात्रीने कापलंय असं म्हणत असाल तर मला उद्याच नोकरीवरून काढा."

"मी काढू शकत नाही आता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मटारचं ताट बाजूला सारलं. "मी अठ्ठावीस वर्षांची होते. नोकरीतला तिसरा महिना. राशीच्या पायथ्याशी एका गवत्याची गंजी होती, त्यात होती ती. आठ दिवस शोधलं मी. उभी कुठे सापडली नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, उगवलेली पाहिली नाही तर नोंद कसली? गवत्याचं उष्टं कागदावर लावणार का? मग मी लिहिलं, 'उगवलेली.' एकच शब्द गं. म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात सापडेल, मग खरी जागा लिहू. मग त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

"आणि यादीवाले?"

त्यांनी डोळे मिटले. "त्याने विचारलं होतं मला. बाई, नक्की कुठली सांद? मी त्याला दाखवली. बोटाने दाखवली, ही बघ म्हणून."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. बाराचे तेरा झाले म्हणून मला रडवणारी हीच बाई. मी मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्या माणसाचे नऊ उन्हाळे काढले, माझ्या चाळीस तारखा काढल्या, जे आठवेल ते काढलं. त्या ऐकत बसल्या. एकदाही "आवाज खाली" म्हणाल्या नाहीत. त्यानेच माझा जोर ओसरला.

"मी ती उभी कधी बघितलेलीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "कागदावर आडवी पडलेली, तेवढीच माझी ओळख. माझ्या नावावर आहे, आणि मला माहीतच नाही ती कशी दिसते."

मी मटारचं ताट पुढे ओढलं आणि दोघींनी मिळून ते संपवलं.

"उद्या पहिल्या ट्रॉलीने वर जायचं," मी म्हटलं. "गवत्या घरापासून तीस-चाळीस पावलांपलीकडे जात नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पेटीतल्या गवत्याने ती कुठून तरी तोडलीच असेल ना."

"माझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तुम्ही फक्त डोळे आणा."

शनिवारी सकाळी आम्ही वर पोचलो तेव्हा दगडांवर अजून गारवा होता. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढून दिल्यासारखा चेहरा करून आम्हाला ट्रॉलीतून उतरवलं आणि पोतं पेटीशेजारच्या दगडापाशी ओतलं. मी पेटीच्या कडीला चाळीस पावलांची दोरी बांधली. आमची ही जुनी पद्धत. दोरीचं टोक धरून गोल फिरायचं, फेरी संपली की दोरी हातभर आखडायची, म्हणजे इंचभर जमीन सुटत नाही. सासूबाई मधे घडीच्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बघत होत्या आणि मी काय चुकतेय ते सांगत होत्या.

दोन तासांत मला पोत्यातलं सगळं गवत उभं सापडलं. लांब पाती सापडली, पिवळी फुलं सापडली, काटेरी झुडूप तर पोटरीलाच सापडलं. कडवण सोडून सगळं. दोरी संपून मी पेटीपाशी आले तेव्हा माझ्या पाठीचा काटा ढिला झाला होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "चल, खाऊन घेऊ."

आम्ही उकडलेली अंडी आणि पाव काढले. तेवढ्यात पेटीचा मालक आला. आधी त्याने दगडाशेजारचं गवत हुंगलं, ते आपलंच आहे याची खात्री केली, आणि आम्हाला शिव्या घातल्यासारखी एक खणखणीत शिट्टी मारली. मग तो कामाला लागला. पण गवताळ बाजूला न जाता तो दगडा-दगडाच्या आडोशाने वरच्या अंगाला गेला. चालण्यात एक चोरटेपणा होता. थोड्या वेळाने तोंडात मिशांसारखा भारा धरून परत आला.

सासूबाईंनी दुर्बीण लावली आणि एकदम माझा दंड पकडला. "अगं, वाळलेलं!"

"काय वाळलेलं?"

"त्याच्या तोंडातलं गवत. वाळलेलं आहे! हा ताजं तोडत नाहीये. हा कुणाच्या तरी गंजीतून उचलून आणतोय. चोर आहे मेला!"

मला इतकं हसू आलं की अंडं घशात अडकलं. सकाळपासून मी एका चोराच्या अंगणात त्याने चोरलेला माल कुठे पिकतो ते शोधत होते. सासूबाई पण हसायला लागल्या. रविवारपासून पहिल्यांदाच हसल्या. मग खुर्चीची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली, काठी घेतली, आणि ज्या बाईला घरात तीन पायऱ्या चढायला कठडा लागतो ती दगडांच्या रांगेवर चढायला लागली.

चोराच्या मागावर आम्ही साठेक पावलं वर गेलो; चोरीसाठी त्याने चाळीस पावलांचा नियम मोडला होता. तिथे सपाट शिळेखाली दुसरी गंजी होती, चांगली ऐसपैस. तिचा मालक जाडजूड होता, शिळेवर बसला होता, आणि आम्ही दिसताच आधीच्यापेक्षा मोठी शिट्टी मारून नाहीसा झाला. मी वाकून बघितलं. गवताच्या थरांमध्ये कडवणीच्या काड्या होत्या. एक नाही, पंधरा-वीस तरी.

"कडू पानं लवकर कुजत नाहीत," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आता ती त्याला खाववणारही नाहीत. हिवाळाभर ठेवली की कडूपणा उतरतो, मग शेवटी शेवटी खातो. बाकीचं गवतही त्यांच्यामुळे टिकतं. लोणचं घातल्यासारखंच."

"आणि हा चोर नाही कशावरून?"

"याच्या वर कुणी नाही. हा कुणाचं चोरणार?"

खरंच, वर बघितलं तर दोन-तीन शिळा, थोडा उतार, आणि मग नुसतं आभाळ. मी पुन्हा दोरी काढली. यावेळी गोल फिरायची जागाच नव्हती, म्हणून चार पायांवर रांगत निघाले. शिळेच्या मागच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे एक जुनी गंजी होती, कधीतरी सोडून दिलेली, कुजून काळी पडलेली. तिच्याखालची माती लेंड्यांनी चांगली कसदार झाली होती, ओली होती. मी पोटावर झोपून सांदीत डोकं घातलं.

आधी दिसले ते नुसते खुंट. तिरके तोडलेले. आणि त्यांच्या मागे, गवत्याचं तोंड पोचलं नसेल अशा कोपऱ्यात, सात.

"आई," मी म्हटलं. "इकडे या. हळू या."

"आहे?"

"तुम्ही या."

त्यांना वाकता येत नाही. त्यांनी काठी ठेवली, आधी बसल्या, मग एका हातावर रेलल्या, आणि सदुसष्टाव्या वर्षी माझ्याशेजारी मातीत पोटावर आडव्या झाल्या. मी सरकून जागा दिली. वाळलेली कडवण तपकिरी असते. हिला निळी फुलं होती, आणि पानांवरच्या लवेत पाण्याचे बारीक थेंब अडकले होते. सासूबाईंनी हात पुढे केला आणि रोपापासून बोटभर अंतरावर थांबवला.

मला घाई नव्हती.

"गंजीतूनच पडलंय बी," त्या म्हणाल्या. "तो वर येतो, गंजी रचतो, पुढच्या वर्षी सोडून देतो. मग तिथे ही उगवते. तो तिला घेऊन वर येतोय आणि आम्ही खाली शोधत बसलो." मग त्यांनी मान वळवून शिळेच्या वर बघितलं. "पण अजून किती वर जाणार गं ही दोघं? डोंगरच संपत आला."

मी फोटो काढले, उंची मोजून वहीत लिहिली, खुंट मोजले, रोपं मोजली. कामाचं सगळं झालं आणि मग मला आनंद झाला. इतका, की मी सासूबाईंच्या पाठीवर थाप मारली. आजवर कधी मारली नव्हती.

"झालं!" मी म्हटलं. "आता हे फोटो यादीवाल्यांना पाठवते. कडवण आहे म्हणजे आहे. ते दोघं गप्प. तुमची जुनी नोंद जशीच्या तशी राहील, तिच्याखाली ही नवी येईल, आणि त्या एका शब्दाचं कुणाला काही कळायचं कारण नाही. मी तर मेले तरी सांगणार नाही."

मी हे मनापासून म्हटलं होतं. आत्ताही मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"त्याला फोन लाव," सासूबाई म्हणाल्या.

"फोटो पाठवते ना."

"फोन लाव. माझ्याजवळ धर."

मी स्पीकर लावून फोन मातीत त्यांच्या तोंडाजवळ ठेवला. यादीवाल्यांनी दुसऱ्या घंटीला उचलला. सासूबाईंनी आधी कडवण सापडल्याचं सांगितलं, उंची सांगितली, रोपं किती ते सांगितलं. पलीकडून ते आनंदाने काहीतरी ओरडत होते. सासूबाईंनी त्यांना थांबवलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. गंजी, साहेब, तो शब्द, ती सांद. काहीच गाळलं नाही, काही सारवासारव केली नाही.

रेंज गेली की काय म्हणून मी डोकावून बघितलं. गेली नव्हती.

"बाई," यादीवाले म्हणाले, "मी नऊ उन्हाळे काढलेत त्या सांदीत."

"माहीत आहे रे मला."

"माझं लग्न झालं त्या उन्हाळ्यातसुद्धा गेलो होतो."

"माहीत आहे." सासूबाईंनी फोन आणखी जवळ ओढला. "मला माफ कर. नसेल जमत तर नको करूस. पण जुन्या नोंदीपुढे लिही, जागा खोटी होती, आणि ती मी खोटी लिहिली होती. माझ्या नावासकट लिही."

शिळेवर तो जाड गवत्या परत येऊन बसला होता आणि आमच्या पायांकडे बघत होता. मला रडू फुटलं होतं, मी बाहीने नाक पुसत होते.

"बाई," यादीवाल्यांनी विचारलं, "कशी दिसते हो ती?"

कुठल्याही क्षुद्र गवताच्या पात्यावर तासभर बोलणारी बाई. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"उभी आहे रे," त्या म्हणाल्या. "एवढीशी आहे, पण उभी आहे."

मी फोन उचलला आणि यादीवाल्यांना दोनच्या ट्रॉलीने वर यायला सांगितलं.